सुभेदारकाकांना न ऐकू येणारा पक्षी

गेल्या उन्हाळ्यापर्यंत अजिंक्यतारा चढताना माझे कान इअरफोननं बंदच असायचे. मग पुतणीनं फोनवर मर्लिन टाकून दिलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं हे मोफत अ‍ॅप. आवाजावरून पक्षी ओळखायची सोय त्यात २०२१ साली आली. आपल्या भागातल्या पक्ष्यांचा पॅक घरच्या वायफायवर एकदा उतरवून घेतला, की वर रेंज नसली तरी काम भागतं.

पहिले चार दिवस वाया गेले. चूक माझीच. फोन खिशात, त्यामुळे रेकॉर्ड झाली ती माझ्या पँटची खसखस. हातात धरला तर बुटाखालचा मुरूम वाजला. वरच्या उघड्या सोंडेवर नुसता वारा. शेवटी जमलं ते असं : थांबायचं, वाऱ्याकडे पाठ करायची, माइकचं टोक झाडाकडे धरायचं आणि निदान अर्धा मिनिट गप्प राहायचं. साताऱ्यात सकाळी गप्प राहणं सगळ्यात अवघड. एका रेकॉर्डिंगमध्ये बुलबुलावर माझं ‘राम राम, झालं का फिरून?’ चढलंय.

स्क्रीनवर आवाजाचं चित्र सरकत असतं. खर्जातला आवाज खाली, बारीक आवाज वर. तांबटाची टुकटुक तळाशी, सारख्या अंतरावरच्या ठिपक्यांसारखी. पावशाच्या रेघा पायऱ्यांसारख्या चढत जातात. आलेलं नाव मात्र डोळ्यांनी पडताळलेलं बरं. कोतवाल शिक्र्याची इतकी हुबेहूब नक्कल करतो, की माणूसही फसतो.

वाटेतल्या ‘चार भिंती’ स्मारकाच्या पुढे शेजारचे सुभेदारकाका भेटले. तोफखान्यातून निवृत्त झालेले. स्क्रीनकडे न बघताच म्हणाले, “ह्यो पावशा. ‘पेर्ते व्हा’ म्हणतोय. त्याला मोबाईल कशाला लागतोय?”

खरंच होतं. पण त्याच वेळी डोक्यावरच्या फांदीत चष्मेवाल्यांचा थवा चिवचिवत होता.

“आणि हे, काका?”

“हे म्हंजे कुठलं?”

मला वाटलं, चेष्टा करतायत. फोन पुढे केला. वरच्या कडेला बारीक रेघांची दाटी झाली होती. काका आधी स्क्रीनकडे, मग झाडाकडे बघत राहिले. पानं हलत होती, हिरवे-पिवळे इवले पक्षी इकडून तिकडे उड्या मारत होते. वयानं आणि तोफांच्या दणक्यानं आधी जातात ते हेच बारीक आवाज. भारद्वाजाचं खर्जातलं घुमणं मात्र त्यांना दरीपलीकडूनही कळतं.

“ल्हानपणी ऐकलेत की मी हे,” एवढंच बोलले.

आता आम्ही बरोबरच चढतो. फोन काकांच्या हातात असतो. वरची रेघ उमटली, की ते काठीनं फांदी दाखवतात, आणि बऱ्याचदा पक्षी माझ्या आधी त्यांनाच दिसतो. पुढच्या आठवड्यात कान तपासायला मी त्यांना घेऊन जाणार आहे. अट एकच घातलीय त्यांनी.

“तुझ्या काकूला बोलू नगंस. धा वर्सं झाली, ती म्हनतीया मला ऐकू येत न्हाई म्हून.”