चावी माझी, सातबारा त्यांचा: अ‍ॅड अकाउंट्स एका जागी आणताना

नाशिकमध्ये बसून मी दुसऱ्यांच्या दुकानांच्या जाहिराती चालवते. येवल्याचं एक पैठणीचं दुकान, गंगापूर रोडवरचे क्लासेस, दातांचा दवाखाना, एक बिल्डर, आणि हंगामापुरते येणारे आंबेवाले. फेसबुक-इन्स्टाग्राम सगळ्यांनाच लागतं, गूगल बऱ्याच जणांना, लिंक्डइन एखाद्यालाच. प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, प्रत्येकाचा ओटीपी वेगळ्या माणसाच्या फोनवर. शेठ येवल्यात, फोन गल्ल्यावर, गल्ल्यावर गिऱ्हाईक. आणि मी इकडे स्क्रीनकडे बघत, "शेठ, सहा आकडी नंबर आला का बघा ना जरा."

छोट्या गावांत हा धंदा असाच चालतो आणि वरवर काही अडतही नाही. पण दुसऱ्याच्या प्रोफाइलमधून, दुसऱ्या गावातून रोज लॉगिन झालं की सुरक्षा तपासणी मागे लागते, आणि ती नेमकी दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी लागते. म्हणून सगळी अकाउंट्स एका जागेवरून चालवायची, असं ठरवलं. आधी वाटलं होतं, एखादं चांगलं सॉफ्टवेअर घेतलं की झालं. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर हा यातला सगळ्यात किरकोळ भाग निघाला. खरा वेळ गेला तो कोणतं अकाउंट कुणाच्या नावावर आहे हे शोधण्यात.

मेटाचा, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या कंपनीचा, बिझनेस मॅनेजर (धंद्याची पेजं आणि जाहिराती एका जागेवरून सांभाळायचं साधन) २०१४ पासून आहे. आता त्यातल्या मुख्य खात्याला बिझनेस पोर्टफोलिओ म्हणतात. पेज, इन्स्टाग्राम अकाउंट, अ‍ॅड अकाउंट, पिक्सेल (वेबसाइटवर कोण येऊन काय करतं ते टिपणारा कोड) हे सगळं या पोर्टफोलिओच्या नावावर असायला हवं. आता येवल्याच्या दुकानाचं काय होतं ते ऐका. पेज शेठच्या प्रोफाइलवर. इन्स्टाग्राम सुनेच्या फोनमध्ये. अधूनमधून पोस्टखालचं 'बूस्ट'चं बटण दाबलं जायचं, त्याचे पैसे भाच्याच्या वैयक्तिक अ‍ॅड अकाउंटमधून जायचे, कारण पेजवर तोही अ‍ॅडमिन होता. आणि खऱ्या मोठ्या जाहिराती, म्हणजे लग्नसराई आणि दिवाळीच्या, त्या आधीच्या एका एजन्सीने स्वतःच्याच पोर्टफोलिओत अकाउंट उघडून चालवल्या होत्या. शेठला वाटत होतं की ते अकाउंट आपलं आहे. पैसे आपण भरले म्हणजे वस्तू आपली, हा साधा हिशोब. इथे तो लागू होत नाही.

एजन्सीला फोन केला. बोलणं गोड होतं, अकाउंट मिळालं नाही. तांत्रिकदृष्ट्या त्यांच्याही हातात फारसं नव्हतं म्हणा, कारण पोर्टफोलिओच्या मालकीचं झालेलं अ‍ॅड अकाउंट तिथून काढून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, फक्त वापरायला देता येतं. पण तेवढंही दिलं नाही. त्या अकाउंटमध्ये काय गेलं? जुन्या जाहिरातींचे आकडे गेले, वेबसाइटवर येऊन गेलेल्या लोकांच्या याद्या गेल्या, आणि पिक्सेलही त्यांच्याच नावावर असल्याने त्यात साठलेली माहिती गेली. शेठ दोन दिवस गप्प होते. मग म्हणाले, "ताई, आता पुढचं तरी आपल्या नावावर करा."

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या ग्राहकाला हे सातबाऱ्याच्या भाषेत सांगते. जमीन कसणारा वेगळा असू शकतो, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचंच पाहिजे. हे नाशिक जिल्ह्यात कुणालाही दुसऱ्यांदा समजवावं लागत नाही.

त्यामुळे पद्धत अशी बसवली. ग्राहकाचा पोर्टफोलिओ ग्राहकाच्या नावाने, त्याच्या जीएसटी किंवा उद्यम प्रमाणपत्रावर जे नाव आहे तेच अक्षर न् अक्षर टाकून. अ‍ॅड अकाउंट, पेज, पिक्सेल, सगळं त्यातच. माझा पोर्टफोलिओ वेगळा. मग ग्राहकाने त्याच्या सेटिंगमधल्या 'पार्टनर्स'मध्ये जाऊन माझा बिझनेस आयडी टाकायचा आणि कोणती वस्तू कितपत वापरायला द्यायची ते निवडायचं. पासवर्डची देवाणघेवाण शून्य. मी माझ्या लॉगिनने शिरते, आणि ज्यांनी ज्यांनी परवानगी दिलीय ती सगळी अकाउंट्स मला एका यादीत दिसतात. माझ्याकडे रिपोर्ट करणाऱ्या मुलीला फक्त आकडे बघायची परवानगी, डिझायनरला तीही नाही.

इथे दोन बटणं शेजारी शेजारी असतात आणि त्यांच्यातला फरक जमीन-अस्मानाचा आहे. एक म्हणजे दुसऱ्याच्या अकाउंटचा वापर मागणं. दुसरं म्हणजे अकाउंट आपल्या पोर्टफोलिओत घेणं, म्हणजे कायमची मालकी. नवीन मुलं घाईत दुसरं दाबतात आणि ग्राहकही मंजुरी देऊन टाकतो, कारण त्याच्यापर्यंत आलेली विनंती त्याने वाचलेलीच नसते. आता मी मंजुरीच्या वेळी फोन चालू ठेवायला सांगते आणि स्क्रीनवरचं वाक्य मोठ्याने वाचायला लावते.

प्रत्येक पोर्टफोलिओत किमान दोन अ‍ॅडमिन ठेवायचे आणि दोघांचंही टू-फॅक्टर (पासवर्डनंतरची दुसरी तपासणी) चालू हवं. दुसरा अ‍ॅडमिन घरातलाच, शक्यतो फेसबुक रोज उघडणारा. वर्षभर न उघडलेल्या प्रोफाइलला अ‍ॅडमिन करून ठेवण्यात काही अर्थ नाही.

क्लासेसच्या अकाउंटमध्ये एक गंमत सापडली. सर म्हणायचे, "जाहिरात सकाळी चालतच नाही, दुपारनंतर चौकशा सुरू होतात." मला वाटलं, पालक दुपारी मोकळे होत असतील. सेटिंग उघडल्यावर कळलं की अकाउंट कुणीतरी काढताना वेळेचा पट्टा लॉस एंजेलिसचा ठेवला होता आणि चलन डॉलर. लॉस एंजेलिसची मध्यरात्र म्हणजे उन्हाळ्यात आपले दुपारचे साडेबारा, हिवाळ्यात दीड. त्या अकाउंटचा 'दिवस' जेवायच्या वेळी उजाडायचा. रोजचं बजेट तेव्हा नव्याने सुरू व्हायचं आणि सकाळपर्यंत संपत आलेलं असायचं. वेळ किंवा चलन बदलायला गेलं तर मेटा जुनं अकाउंट बंद करून नवं काढायला लावतं. काढलं. भारतीय वेळ, रुपये. दहावीच्या निकालाच्या आधी हे उरकलं ते बरं झालं.

आता पैशांचं. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळं एका जागी आणण्याच्या भरात लोक पैसेही एका जागी आणतात. एकच कार्ड सगळ्या अकाउंटना लावायचं आणि महिन्याअखेर ग्राहकांकडून वसूल करायचं. ऐकायला सुटसुटीत. माझ्या सीएंनी पहिल्याच बैठकीत हे उडवून लावलं. जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे १०,००० च्या जाहिरातीला खिशातून ११,८०० जातात. ग्राहकाच्या अकाउंटमध्ये ग्राहकाचा जीएसटी नंबर असेल, तर ते १,८०० त्याला इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे त्याने भरायच्या जीएसटीतून वजा होऊन, मिळू शकतात. कार्ड माझं आणि बिल माझ्या नावावर, तर त्याचं क्रेडिट गेलं. वर तो सगळा खर्च माझ्या उलाढालीत मोजला जाण्याचा धोका. सेवा देणाऱ्यांना जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. माझी स्वतःची फी त्याच्या जवळपासही नसताना, दुसऱ्यांच्या जाहिरातींच्या पैशांनी मी ती सहज ओलांडली असती.

म्हणून नियम असा: कारभार एका जागी, पैसे ज्याचे त्याच्या जागी. ग्राहकाच्या अकाउंटला ग्राहकाचंच पैसे भरायचं साधन, आणि पहिला रुपया भरायच्या आधी जीएसटी नंबर टाकलेला. आधीच्या बिलांवर तो नंतर आपोआप चढत नाही.

कार्डाचीही एक कटकट आहे. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून परस्पर होणाऱ्या वसुलीचे नियम कडक केले. तेव्हा ५,००० च्या वरच्या प्रत्येक वसुलीला ओटीपी लागायचा, जून २०२२ मध्ये ती मर्यादा १५,००० झाली. ग्राहकांच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. जाहिरातवाल्यांना मात्र ऐन हंगामात अडकलेली वसुली म्हणजे थांबलेली जाहिरात. त्यामुळे माझे बहुतेक ग्राहक आता यूपीआयने आगाऊ पैसे भरतात. यात जमा संपली की जाहिरात बंद पडते, हे लक्षात ठेवावं लागतं. दर शुक्रवारी सकाळी मी सगळ्या अकाउंटची शिल्लक बघते आणि ज्याची कमी असेल त्याला व्हॉट्सअ‍ॅप करते. शनिवार-रविवार निघेल एवढे पैसे पाहिजेत. आंबेवाल्यांना तर अक्षय्य तृतीयेच्या आधी मी फोनच करते. ते बागेत असतात, मेसेज बघत नाहीत.

गूगलचं काम त्या मानाने निवांत झालं. तिथे मॅनेजर अकाउंट असतं. जुनी मंडळी अजून त्याला एमसीसीच म्हणतात, कारण आधी त्याचं नाव माय क्लायंट सेंटर होतं. ग्राहकाचा दहा आकडी आयडी घ्यायचा, विनंती पाठवायची, त्याने मंजूर करायची, झालं. एकच सूचना ग्राहकाला आधी देऊन ठेवा: गूगल एखाद्या दिवशी ठरलेल्या बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, आणि महिन्याचा हिशोब रोजच्या बजेटच्या ३०.४ पटीत बसवतं. हे न सांगता राहिलं तर दुपटीच्या दिवशी डॉक्टरांचा फोन ठरलेला. लिंक्डइनचं माझं काम इतकं थोडं आहे की त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

सगळं एका पडद्यावर दाखवणारी पैशाची सॉफ्टवेअरं मी वापरून पाहिली. दिसायला झकास. पण ती सगळ्या ठिकाणचे आकडे घेऊन बेरीज करतात, आणि ती बेरीज फसवी असते. मेटा नेहमीच्या सेटिंगमध्ये जाहिरातीवर क्लिक केल्यापासून ७ दिवसांत किंवा नुसती पाहिल्यापासून १ दिवसात झालेली विक्री स्वतःच्या नावावर मांडतं. गूगलची क्लिकनंतरची नेहमीची मुदत ३० दिवसांची. एखाद्या बाईंनी सोमवारी इन्स्टाग्रामवर पैठणीची जाहिरात दाबली, बुधवारी गूगलवर दुकानाचं नाव शोधून तिथल्या जाहिरातीवरून आत येऊन खरेदी केली, की दोघंही म्हणणार 'आमच्यामुळे'. साडी एक, विक्री दोन. शेठकडे बिलबुक असतं, त्यामुळे त्यांना असला रिपोर्ट दाखवून चालत नाही.

मी परत गूगल शीटवर आले. प्रत्येक ठिकाणचा खर्च ओढून घ्यायचा, विक्रीचा किंवा चौकशीचा आकडा मात्र ग्राहकाकडून घ्यायचा, आणि मधे लिंकला लावलेले यूटीएम (गिऱ्हाईक कोणत्या जाहिरातीवरून आलं ते सांगणाऱ्या खुणा) बघायचे. लुकर स्टुडिओत (गूगलच्या रिपोर्ट बनवायच्या साधनात) गूगलचे आकडे थेट येतात, मेटासाठी बाहेरचा सशुल्क जोड लागतो. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा फाइल उतरवून शीटमध्ये टाकणं मला स्वस्त पडतं. पन्नास-शंभर अकाउंट असणाऱ्यांना हे परवडणार नाही, त्यांनी खुशाल सॉफ्टवेअर घ्यावं.

एका यादीत सगळी अकाउंट्स आली की एक नवीन भीती येते: चुकीच्या अकाउंटमध्ये चुकीची जाहिरात. म्हणून प्रत्येक कॅम्पेनच्या नावात पहिला शब्द ग्राहकाचा, मग गाव, मग उद्देश, मग महिना. 'पैठणी_पुणे_व्हॉट्सअ‍ॅप_ऑक्टो' असं. अकाउंटच्या नावातही गावासकट पूर्ण नाव.

बिल्डरच्या बाबतीत तर हे फारच सांभाळावं लागतं. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने (राज्यातल्या बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने) प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही सक्तीचा केलाय, आणि नियम मोडला तर ५०,००० पर्यंत दंड. एकाच प्रकल्पाच्या पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याची नोंदणी वेगळी, म्हणजे कोडही वेगळा. पहिल्या टप्प्याचं चित्र दुसऱ्याच्या जाहिरातीत शिरायला एक क्लिक पुरे. आमच्याकडे डिझायनर कोड चित्रातच बसवतो, आणि जाहिरात चालू करायच्या आधी मी स्वतःच्या फोनने तो स्कॅन करून कोणत्या टप्प्याचं पान उघडतंय ते बघते. बिल्डरच्या ऑफिसातल्या मुलाने एकदा विचारलं, "मॅडम, रोज काय स्कॅन करता?" रोज करते. मोबाइलवर चौकोनी जाहिरातीत कोड इतका बारीक होतो की कधी कधी उघडतच नाही, मग चित्र परत पाठवावं लागतं.

या सगळ्याची परीक्षा क्लासेसच्या सरांनी घेतली. त्यांच्या मुलाने डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला आणि जाहिराती घरीच करायचं ठरलं. आधीच्या दिवसांत अशा वेळी पासवर्ड बदला, कार्ड काढा, पेजवरून कोणाकोणाला काढायचं ते आठवा, असा आठवडा जायचा. या वेळी सरांनी 'पार्टनर्स'मध्ये जाऊन माझं नाव काढलं. माझ्या यादीतून त्यांचं अकाउंट नाहीसं झालं. जुने आकडे, याद्या, पिक्सेल सगळं त्यांच्याकडेच राहिलं. मुलाने त्याच दिवशी फोन करून विचारलं, "ताई, कॅम्पेनच्या नावात तुम्ही 'एल-थ्री' लिहिता ते काय असतं?" नाशिकरोड, देवळाली आणि भगूर अशा तीन भागांसाठीची ती माझी खूण होती. सांगितलं, आणि मागच्या महिन्याचं बिलही पाठवून दिलं.