मंडपाला जाळी, खुर्च्यांना नाही

गेल्या फेब्रुवारीत गावच्या क्रिकेट टूर्नामेंटमध्ये मॅच बघत बसलेल्या बाबांच्या डाव्या डोळ्याखाली सीझन बॉल बसला. गालाचं हाड मोडलं, नऊ टाके पडले. त्या डोळ्याला संध्याकाळनंतर अजूनही धूसर दिसतं.

मी तालुका कोर्टात वकिली करते. माझ्याकडे बहुतेक वाटपाचे आणि बांधाचे दावे. त्या आठवड्यात मात्र कॉलेजनंतर प्रथमच अपकृत्य कायद्याचं, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीची भरपाई मागायच्या कायद्याचं, पुस्तक काढलं. कारण टूर्नामेंट भरवणाऱ्या मंडळातला एक जण दवाखान्यात येऊन म्हणाला होता, "ताई, मॅच बघायला बसलं की बॉल येणारच. काकांनी लक्ष ठेवायला हवं होतं."

ही पळवाट नाही, कायद्यातला जुना बचाव आहे: धोका माहीत असून तुम्ही आपणहून आलात, मग तक्रार कसली? १९३० मध्ये इंग्लंडच्या ब्रुकलँड्स ट्रॅकवर शर्यतीत दोन गाड्या एकमेकींना घासल्या आणि एक कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसली. दोघं गेले. तेवीस वर्षांत तिथे असं कधी घडलं नव्हतं. अपील कोर्टाने ट्रॅक चालवणाऱ्या क्लबला सोडलं, कारण आयोजक प्रेक्षकांचा विमा उतरवून बसलेला नसतो, त्याने वाजवी काळजी घ्यायची असते. १९५१ च्या हॅरिंगे अरीना खटल्यात आइस हॉकी बघायला पहिल्या रांगेत बसलेल्या सहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याला पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, लागला, तोही हरला. हा निकाल मला आजही पटत नाही. सहा वर्षांचं पोर कुठला धोका पत्करतं?

पण त्याच वर्षीचा बोल्टन विरुद्ध स्टोन हा निकाल मी चार वेळा वाचला. मँचेस्टरमध्ये चीटम हिल भागात, ९ ऑगस्ट १९४७ ला, मिस स्टोन घराबाहेर रस्त्यावर उभ्या होत्या. मैदानातून सिक्स आला आणि त्यांना लागला. कुंपण सात फूट उंच, पण उतारामुळे त्याचा माथा खेळपट्टीपेक्षा सतरा फूट वर. फलंदाजापासून त्या जवळपास शंभर यार्डांवर. तीस वर्षांत चेंडू असा रस्त्यावर गेला होता जेमतेम सहा वेळा. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, क्लबच्या बाजूने निकाल दिला. तरी न्यायाधीशांपैकी लॉर्ड रीड यांनी त्यात लिहून ठेवलंय की, लोकांना मोठा धोका केल्याशिवाय एखाद्या मैदानावर क्रिकेट खेळताच येत नसेल, तर तिथे ते खेळूच नये. आपल्याकडे अपकृत्याचा सगळा कायदा एका पुस्तकात लिहिलेला नाही, त्यामुळे आपली कोर्टं हे निकाल बघतात.

मग आमचं मैदान बघा. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेले. बाउंड्रीच्या फक्कीच्या रेघेपासून लोकांच्या खुर्च्या अकरा फुटांवर. चीटम हिलला सहा चेंडूंना तीस वर्षं लागली, आमच्याकडे एका डावात तेवढे येतात. आणि पाहुण्यांच्या मंडपासमोर? हिरवी नायलॉनची जाळी, बांबूंना चारही बाजूंनी घट्ट ताणलेली. म्हणजे बॉल तिथवर येतो हे मंडळाला ठाऊक होतं! जाळी कुठे मिळते, कशी बांधतात, हेही. बाबांनी खेळाचा धोका पत्करला असेल, पण जाळी फक्त पाहुण्यांपुढे लावायची ही निवड त्यांनी केली नव्हती. मंडळाने "स्वतःच्या जबाबदारीवर बसा" असा फलक लावला होता. माझ्या मते त्या फलकाने निष्काळजीपणा धुऊन निघत नाही.

पुढचं काम मन जड करणारं होतं. तिकीट असतं तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता आलं असतं, पण प्रवेश मोफत. राहिला दिवाणी दावा. मंडळाची नोंदणी नाही, म्हणजे कायद्याच्या लेखी त्याला स्वतःचं अस्तित्व नाही. नोटीस द्यायची ती पदाधिकाऱ्यांना, नावानिशी. त्यातल्या दोघांना मी कडेवर खेळवलंय. नावं टाईप करताना हात थांबला. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "दे. माझ्या जागी एखादं पोर असतं तर?"

नोटीस गेली. आठ दिवस आमच्याशी कोणी बोललं नाही. किराणा दुकानातसुद्धा लोक बाजूला सरकायचे. नवव्या दिवशी अध्यक्ष वडिलांना घेऊन घरी आला. दवाखान्याचं बिल तीन हप्त्यांत द्यायचं ठरलं आणि तसं लेखी झालं. मी एक अट वाढवली: जाळी पहिल्यांदा लोकांच्या खुर्च्यांपुढे, मग मंडपाला. त्यावर त्याने लगेच सही केली.

दोन हप्ते आलेत. टूर्नामेंट पुढच्या महिन्यात आहे आणि बाबा जाणार म्हणतात. मी मैदान आखायच्या दिवशीच जाऊन यायचं ठरवलंय, टेप घेऊन.