मुलीची सायकल आणि आडवा दांडा

आज पहाटे पुण्याहून सायकली घेऊन वाईला निघालो. मुलीच्या सायकलीला वरचा आडवा दांडा नसल्यामुळे ती गाडीमागच्या रॅकवर आजवर तिरकी लटकत असे आणि तिचे पेडल माझ्या सायकलीचा रंग खरवडत असे. या वेळी अडॅप्टर बार, म्हणजे नसलेल्या आडव्या दांड्याच्या जागी बसवायचा सुटा दांडा, घेतला, त्याचे एक टोक सीटखालच्या नळीला व दुसरे स्टेमला, म्हणजे हँडल चौकटीला जोडणाऱ्या भागाला, अडकवले आणि त्याच दांड्यावर सायकल टांगली. स्टेमपाशी ब्रेकची केबल हुकाखाली दबत होती; निघण्यापूर्वीच ते दिसले, हे फार बरे झाले. शिवाय चौकट पट्ट्याने रॅकला बांधली, कारण सगळा भार केवळ दोन हुकांवर सोडणे मला पटत नाही. खंबाटकी घाट उतरल्यावर थांबून पाहिले, तर बार जागचा हललेला नव्हता. वाईत मुलीने स्वतःच सायकल उतरवली आणि ती मेणवलीच्या रस्त्याला लागली.