दार उघडं असलेलं विमान

स्कायडायव्हिंगमध्ये सगळ्यात जास्त भीती कधी वाटली असं कोणी विचारलं की त्यांना वाटतं मी पहिली उडी सांगणार. पण सगळ्यात जास्त भीती वाटली ती माझ्या अठराव्या जंपच्या दिवशी, आणि त्या दिवशी उडी मारलीच नव्हती. आम्ही ९००० फुटांवर होतो, खाली ढग सरकून आले, जमीन दिसेना, पायलटने दोन चकरा मारून वाट बघितली आणि मग मागे वळून सांगितलं की बसा सगळे, बेल्ट लावा, विमान खाली नेतोय. बाकीचे वैतागले कारण जंप हुकली. माझे मात्र हातपाय गार पडले. पाठीवर मेन म्हणजे नेहमीचं आणि रिझर्व्ह म्हणजे राखीव अशी दोन पॅराशूट्स, त्याच दारातून सतरा वेळा बाहेर पडलेली मी, आणि मला विमानात बसून लँड व्हायचं या विचाराने रडू येत होतं.

तोपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की माझी विमानाची भीती गेली. गेली नव्हती. मी फक्त दरवेळी विमान उतरायच्या आधी त्यातून निघून जात होते.

थोडं मागे जाते. अकरा वर्षं मी विमान टाळलं, म्हणजे अगदी ठरवून, लग्नं चुकवली, कामं सोडली, दोन दोन दिवसांचे रेल्वेप्रवास केले आणि वर सांगायचे की मला रेल्वे आवडते म्हणून. त्याआधी जे काही प्रवास केले त्यात मी दोन्ही हातांनी सीटचा हात असा धरून बसायचे की जणू विमान मीच उचलून धरलंय. टेकऑफनंतर थोड्या वेळाने इंजिनचा आवाज एकदम कमी होतो ना, तेव्हा तर माझा जीवच जायचा. नंतर कळलं की टेकऑफला लागणारा जोर पुढे चढताना लागत नाही म्हणून तो कमी करतात, पंखांच्या मागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, आत घेतले जातात, आणि शरीराला वाटतं आपण खाली चाललो. खरं तर विमान वरच चाललेलं असतं.

असं खूप वाचलं मी. पंख प्रत्यक्ष उड्डाणात येऊ शकणाऱ्या जास्तीत जास्त भाराच्या दीडपट भार सोसतील असे बनवावे लागतात हे वाचलं. १९८३ मध्ये कॅनडात एका बोइंग ७६७ चं इंधन सुमारे ४१,००० फुटांवर असताना संपलं, दोन्ही इंजिनं बंद पडली, आणि पायलटांनी ते तरंगत गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं, सगळे वाचले, हे तर मी पाठच केलं होतं. पण माहिती डोक्यात राहायची आणि भीती पोटात. दोघींची कधी भेटच व्हायची नाही.

एका समुपदेशकाने मला एक गोष्ट नीट समजावली होती, की टाळलं की लगेच बरं वाटतं, आणि ते बरं वाटणंच भीतीला खायला घालतं. दरवेळी टाळलं की मेंदू शिकतो की बघ, टाळलं म्हणून वाचलो. ते पटलं होतं, पण करायचं काय ते कळत नव्हतं. मग मावसभाऊ टँडम जंपला, म्हणजे इन्स्ट्रक्टरला बांधून मारायच्या उडीला, निघाला, मी सोबत म्हणून गेले, आणि तिथे उभी असताना मला वाटलं की प्रवासी विमानात निदान दार बंद असतं, हे लोक तर दार उघडून बसतात, हे एकदा करून बघितलं तर पुढे काहीच मोठं वाटणार नाही. फार विचार केला नाही. केला असता तर गेलेच नसते.

टँडममध्ये माझी खरी अवस्था झाली ती वर चढताना, ती पंधरा वीस मिनिटं. छोटं विमान, प्रचंड आवाज, गुडघ्याला गुडघा लावून बसलेली माणसं. आणि १३,००० फुटांवर दार उघडलं, थंड वारा आत आला, आणि मला चक्क हायसं वाटलं! तेव्हा कारण कळलं नाही. पुढचं तुम्ही कोणी कधी केलं नसेल तर सांगते, पाळण्यातून खाली येताना पोटात जो गोळा येतो तो इथे येत नाही. विमान आधीच वेगात असतं, आपण त्या वेगासकट बाहेर पडतो, त्यामुळे वारा पहिल्या क्षणापासून अंगावर असतो, आणि दहा बारा सेकंदांत ताशी १९० ते २०० किलोमीटरला वेग स्थिर होतो. मग हवा इतकी घट्ट लागते की तिच्यावर आपण रेलून झोपलोय असं वाटतं. पडल्यासारखं वाटतच नाही.

त्यानंतर मी एएफएफचा, म्हणजे एकट्याने उडी मारायला शिकवणारा कोर्स घेतला. यात सुरुवातीच्या उड्यांना दोन्ही बाजूंनी एकेक इन्स्ट्रक्टर तुमचा हार्नेस धरून सोबत पडतो, पण पॅराशूट तुमचं तुम्ही उघडायचं. आणि इथे मला ती गोष्ट शिकायला मिळाली जी मी आजही प्रत्येक नवख्याला पहिल्यांदा सांगते. घाबरलं की शरीर काय करतं? आखडतं. पोट आत, गुडघे वर, हात छातीशी. आकाशात नेमकं हेच चालत नाही, असं गोळा झालेलं शरीर गडबडतं, फिरतं, पाठीवर जातं. तिथे आर्च करायचा असतो, कंबर पुढे ढकलायची, छाती उघडी, हनुवटी वर, हातपाय सैल. बॅडमिंटनचं शटल जसं कसंही फेकलं तरी जड बाजू खाली करून सरळ होतं तसं शरीर आपोआप पोटावर येतं. म्हणजे भीती जे करायला सांगते त्याच्या बरोबर उलट करायचं, आणि तेही मनाने नाही, कंबरेने. मला मन आवरायला कधीच जमलं नव्हतं. कंबर पुढे ढकलायला जमलं.

सामानाबद्दलही बोलायला हवं, कारण लोक म्हणतात "विश्वास ठेवायचा बस", आणि मला ते वाक्य अजिबात आवडत नाही. माझा विश्वास बघून बसला. बिघडलेलं मेन सोडून द्यायची, तीन रिंग एकमेकीत अडकवलेली ती रिलीज सिस्टिम, पॅराशूटचं सामान बनवणाऱ्या बिल बूथ यांनी १९७० च्या दशकात काढलेली, हातात घेऊन बघितली तेव्हा कळलं की अख्ख्या माणसाचं वजन लटकलेलं असताना एका पिवळ्या केबलच्या टोकावर किती थोडा ताण येतो. सायप्रेस नावाचं यंत्र १९९१ मध्ये आलं, तुम्ही साधारण ७५० फुटांवर असून अजून सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त वेगाने पडत असाल तर ते स्वतः रिझर्व्ह बंद ठेवणारा दोरीचा लूप कापतं आणि रिझर्व्ह उघडतं. रिझर्व्ह रिगरच, म्हणजे पॅराशूट पॅक करण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूसच, पॅक करून सील लावतो. आणि मेन मी स्वतः पॅक करायला शिकले, पहिल्यांदा तास लागला, घामाघूम झाले, पण त्या तासाने मला जेवढं शांत केलं तेवढं अकरा वर्षांच्या वाचनाने केलं नव्हतं.

तर आता तो अठराव्या जंपचा दिवस. विमान खाली येत होतं तेही हळूहळू, कारण स्टुडंट लोकांच्या पाठीवरची ती रिझर्व्ह उघडणारी यंत्रं कमी वेगालाच चालू होतात, भरकन खाली आलं तर विमानातच रिझर्व्ह उघडायचा धोका, म्हणून पायलट जपून उतरवतो. दार बंद, सगळे हँडलवर हात ठेवून बसलेले. शेजारी माझे इन्स्ट्रक्टर होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं असणार, ते काहीच समजावत बसले नाहीत, फक्त म्हणाले, "उंची किती?" मी मनगटावरच्या उंची दाखवणाऱ्या घड्याळात बघितलं, म्हटलं आठ हजार. "श्वास सोड. दर हजाराला मला सांगायचं." सात हजार. श्वास. सहा हजार. श्वास. मध्ये विचारलं, "वारा कुठून आहे? लँडिंगची जागा कुठल्या खिडकीत दिसते?" मी शोधत राहिले. चाकं टेकली.

त्या रात्री मला समजलं की मी उंचीला घाबरत नव्हते आणि पडायलाही नाही. हातात काही काम नसताना बसून राहायला घाबरत होते. उडी मारताना काम असतं, उंची बघ, ६००० ला नजर घड्याळावरून हलवायची नाही, ५५०० ला पायलट शूट, म्हणजे मेनला बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट, फेक, कॅनोपी म्हणजे उघडलेलं पॅराशूट बघ, चौकोनी आहे का, वळते का, ब्रेक लागतात का. भीतीला बसायला जागाच मिळत नाही. प्रवासी विमानात मात्र अख्खी खुर्ची तिच्यासाठी मोकळी. म्हणून मग मी पायलटची परवानगी घेऊन मुद्दाम तीन वेळा वर जाऊन विमानानेच खाली आले. पहिल्यांदा वाईट गेलं. तिसऱ्यांदा मी खिडकीतून नदी बघितली.

पुढे शंभर जंप झाल्या, ए च्या पुढचं बी लायसन्स झालं, कोर्स करून कोच झाले. अमेरिकेच्या युएसपीए या पॅराशूट संघटनेच्या पद्धतीत इन्स्ट्रक्टरने मोकळं सोडलेला पण अजून २५ जंपचं ए लायसन्स व्हायचं असलेला जो स्टुडंट असतो, त्याच्यासोबत कोच उडी मारतो. पडण्याचा वेग जुळवणं, दुसऱ्याजवळ अलगद जाणं, ट्रॅक करून म्हणजे हवेत आडवं सरकत लांब होणं, हे शिकवायचं. पण खरं सांगू, मला निम्मं लक्ष विमानात चढतानाच द्यावं लागतं. जो खूप बोलायला लागतो तो, आणि जो एकदम गप्प होतो तो, दोघंही बहुतेक श्वास धरून बसलेले असतात. मी कधीच "भीती वाटतीये का" विचारत नाही. "काही होत नाही" तर मुळीच म्हणत नाही, ते खोटं आहे, कधीतरी काहीतरी होतं, आणि समोरच्यालाही ते माहीत असतं. मी विचारते, "दोऱ्या पिळल्या तर?" तो म्हणतो रायझर, म्हणजे खांद्यावरचे दोऱ्यांचे पट्टे, फाकवायचे, पाय मारून सोडवायचं, उंचीवर लक्ष. "२५०० ला अजून आटोक्यात नसेल तर?" उजवीकडचं लाल हँडल ओढून मेन सोडून द्यायचं, मग डावीकडचं रिझर्व्हचं. उत्तर देता देता त्याचा श्वास सुटतो. दिसतो तो सुटलेला.

प्रवासी विमानात मी आता जाते. इंजिनचा आवाज कमी झाला की अजूनही कान टवकारतात, पण हादरे बसायला लागले की पावलं जमिनीला टेकवते, कंबर सैल, लांब श्वास बाहेर. तेवढंच.

गेल्या हंगामात माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई होत्या, एकोणीस जंप झालेल्या, एकदम व्यवस्थित काम. विसाव्या जंपला त्यांच्या दोऱ्या पिळल्या, त्यांनी शिकवल्याप्रमाणे सोडवल्या, छान उतरल्या, हसल्यासुद्धा. आणि पुढच्या वेळी दारापर्यंत आल्या आणि थांबल्या. माझ्याकडे बघून मान हलवली. नाही म्हणजे नाही, दारात कोणाला पटवायचं नसतं, मी पायलटला खूण केली, दार बंद केलं आणि त्यांच्या शेजारी बेल्ट लावून बसले. त्यांची नखं पांढरी पडली होती. म्हणाल्या, "मला ना, आता हे खाली जाणंच जास्त भयंकर वाटतंय."

मी म्हटलं, "उंची किती?"

बारा हजार. श्वास सोडा. अकरा हजार. सहा हजारांच्या आसपास त्यांनी मला स्वतःहून दाखवलं की वाऱ्याची पिशवी फिरलीये, आता लँडिंग उलट्या बाजूने करावं लागलं असतं. मी वाकून बघितलं, बरोबर होतं त्यांचं. मग आम्ही बेस लेग, म्हणजे उतरताना शेवटच्या वळणाआधीचा टप्पा, कुठून घेतला असता त्यावर बोलत बसलो, त्या म्हणत होत्या झाडांच्या अलीकडून, मी म्हणत होते पलीकडून, आणि बोलता बोलता पायलटने पुढून ओरडून विचारलं, उतरताय की नाही? विमान हँगरसमोर उभं होतं, प्रॉपेलर बंद झालेला होता. चाकं कधी टेकली ते मला कळलंच नव्हतं.