तुम्ही विचारलंत म्हणून: बाळ झाल्यावरचे दोन तास

मी नर्सिंगच्या मुलींना प्रसूतिशास्त्र शिकवते असं कळलं, की लग्नाच्या पंगतीत असो वा नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या बँकेच्या रांगेत, प्रश्न ठरलेला असतो. "अहो, आता सगळी बाळंतपणं दवाखान्यातच होतात, डॉक्टर असतात, सिझेरियनही वाढलीत. मग या पोरींना तुम्ही शिकवता तरी काय?" विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. परवा तर एका विद्यार्थिनीच्या वडिलांनीच विचारलं, आणि ते माझ्या पगाराची चौकशी करत नव्हते, एवढं मी समजून घेतलं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डॉक्टर असतात, अगदी खरं. पण कळा सुरू झाल्यापासून बाळंतीण घरी जाईपर्यंत तिच्या उशाशी नर्स असते. डॉक्टर बोलावल्यावर येतात, आणि कधी बोलवायचं हे नर्सला कळावं लागतं. मी शिकवते ते मुख्यतः हेच. त्यातही माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो बाळ झाल्यानंतरच्या दोन तासांवर, म्हणजे बाहेर पेढे वाटले जात असतात त्या वेळेवर.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभरातल्या जवळपास ९५ प्रसूती दवाखान्यात झालेल्या दिसतात. २०१८-२० या काळात देशात दर लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. आकडा उतरला हे उत्तमच. पण दवाखान्यापर्यंत पोहोचायचं जमू लागलं, की पोहोचल्यावर काय होतं हा पुढचा प्रश्न येतो, आणि तिथे आमच्या मुलींचं काम सुरू होतं.

मुली येतात त्या सिनेमातलं बाळंतपण डोक्यात घेऊन. कुणीतरी किंचाळतंय, कुणीतरी गरम पाणी आणायला धावतंय. (त्या गरम पाण्याचं पुढे काय होतं, हे मला अजून कुठल्याही सिनेमात दिसलेलं नाही.) पहिल्या पोस्टिंगला लेबर रूममध्ये गेल्यावर मात्र त्यांना नुसतं बसायला लागतं. पोटावर हात ठेवायचा, न हलवता, न दाबता. दहा मिनिटांत किती कळा आल्या, प्रत्येक कळ किती सेकंद टिकली, हे मोजायचं. कळ सौम्य की जोराची हे ओळखायला मी त्यांना त्यांचाच चेहरा चाचपायला लावते. पोट नाकाच्या शेंड्याइतकं लागलं तर कळ हलकी, हनुवटीइतकं लागलं तर मध्यम, कपाळासारखं टणक झालं तर जोरदार. वर्गात सगळ्या जणी आपापलं नाक दाबून बघतात, हसतात, आणि ते कायमचं लक्षात राहतं.

मग पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय हे नोंदवायचा तक्ता. जुन्या तक्त्यात गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडल्यावर तासाला एक सेंटिमीटर अशी रेघ असायची. प्रत्येक बाई त्या रेघेच्या वेगानं पुढे जात नाही हे अभ्यासातून दिसलं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये नवा तक्ता आणला. त्यात कळांचा सक्रिय टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरतात, आणि सोबत कोणी आहे का, तिला पाणी प्यायला दिलं का, याचेही रकाने आहेत. मला हा बदल फार आवडला. बाहेर नातेवाईक दर दहा मिनिटांनी दार वाजवून "अजून किती वेळ?" विचारत असतात. आई आणि बाळ दोघं ठीक असताना थांबायचं, हे तेवीस वर्षांच्या मुलीला शिकवणं इंजेक्शन शिकवण्यापेक्षा अवघड आहे. तो धीर सुटला की कुणीतरी पोटावर कोपर टेकवून बाळ खाली ढकलायला जातं. तो प्रकार माझ्या वर्गात नावालाही खपत नाही.

आता त्या दोन तासांकडे येते.

बाळ बाहेर आलं की खोलीतले सगळे डोळे बाळाकडे वळतात. रडलं का, वजन किती, मुलगा की मुलगी. आणि नेमकं तेव्हाच आईकडे बघायचं असतं. पोटात दुसरं बाळ नाही ना हे हातानं पाहून मिनिटाच्या आत मांडीत गर्भाशय आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनची १० युनिटं द्यायची. नाळ ओढाताण न करता, ओटीपोटावर हाताचा आधार देत वार (प्लॅसेंटा) काढायची. वार ट्रेमध्ये पसरून दोन्ही बाजूंनी बघायची, एखादा तुकडा आत तर राहिला नाही ना. हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकातून कळत नाही ते रक्ताचं माप.

त्यासाठी मी एक प्रयोग करते. कॉर्नफ्लॉवर शिजवून लाल रंग घातलेलं पाणी बनवते, आणि मुली यायच्या आधी मोजून ५०० मिली एका ट्रेमध्ये, ५०० मिली मॅकिन्टॉशवर, म्हणजे पलंगावर घालायच्या रबरी कापडावर, आणि ५०० मिली घडी घातलेल्या जुन्या सुती साडीवर ओतते. मुलींनी येऊन अंदाज कागदावर लिहायचा. ट्रेचा अंदाज बरा येतो. मॅकिन्टॉशवरचं पसरल्यामुळे जास्त वाटतं. साडीपाशी मात्र सगळ्यांचा घोळ होतो. सुती कापड रक्त पिऊन घेतं आणि वरून नुसता ओलसर डाग दिसतो, त्यामुळे बहुतेक जणी दीडशे, फार तर दोनशे लिहितात. ५०० मिली म्हणजे बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाची व्याख्याच. त्या साडीखाली खरी बाई असती, तर आमच्या वर्गानं तिला "ठीक आहे" म्हणून सोडून दिलं असतं. यावर व्याख्यान द्यावं लागत नाही. साडी पिळून दाखवली की पुरे.

दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त वाहत असतं. वार सुटली की तिथल्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि गर्भाशयाचे आडवेतिडवे स्नायू आवळूनच त्या बंद होतात. ते स्नायू आवळले नाहीत तर रक्त थांबत नाही. म्हणून पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बेंबीजवळ हात ठेवून गर्भाशय टणक आहे का बघायचं. मळलेल्या कणकेसारखं मऊ लागलं तर लगेच चोळायचं, हाक मारायची, सलाईन लावायचं. आणि त्या गडबडीतही विचारायचं, "ताई, लघवी झाली का?" भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर आणि बाजूला ढकलतं आणि आवळू देत नाही. कितीदा तरी नुसती लघवी करवल्यावर गर्भाशय जागेवर येऊन आवळतं. हा साधा प्रश्न विचारायला हुशार मुलीही विसरतात, कारण त्यांचं लक्ष औषधांच्या नावांत अडकलेलं असतं.

दुसरा फसवा प्रकार बीपीचा. गरोदरपणात शरीरातलं रक्त चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे बाळंतीण बरंच रक्त गेलं तरी बीपी टिकवून धरते आणि मग एकदम कोसळते. नाडी आधी बोलते. "बीपी नॉर्मल" एवढंच लिहिलेला चार्ट मी परत देते आणि नाडी कुठे आहे विचारते. आता नितंबाखाली ठेवायची, खाली मापाच्या खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी मिळते. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात अशी पिशवी वापरून रक्तस्राव लवकर ओळखला आणि मसाज, ऑक्सिटोसिन, रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्झॅमिक ॲसिड, सलाईन आणि तपासणी हे सगळं एकदमच केलं. त्यामुळे गंभीर रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. औषधं जुनीच होती. मोजणं आणि न थांबणं तेवढं नवं.

मुलींचा जीव मात्र केस बुकात, म्हणजे केलेल्या केसेस नोंदवायच्या वहीत असतो. "मॅडम, माझ्या अजून चार डिलिव्हऱ्या बाकी आहेत." बाळंतपणानंतरच्या शुश्रूषेच्या केसेसही त्यात भरायच्या असतात, पण त्यासाठी कुणी रात्रपाळी मागून घेत नाही.

बीपी वाढून येणाऱ्या झटक्यांचं थोडक्यात सांगते. ते बाळंतपणानंतरही येऊ शकतात, विशेषतः पहिल्या ४८ तासांत. डोकं जड, डोळ्यांपुढे अंधारी, पोटात वरच्या बाजूला दुखणं, ही सूचना. घरचे बाहेरची बाधा म्हणतात. आमच्या मुली झटक्यांवरचं औषध, मॅग्नेशियम सल्फेट म्हणतात, आणि प्रत्येक पुढच्या डोसआधी गुडघ्यावर हातोडी मारून बघतात, श्वास मोजतात, लघवी मोजतात. ते औषध जास्त झालं तर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट ट्रेमध्ये आधीच काढून ठेवलेलं हवं.

आमच्या वर्गात निम्म्या मुली नाशिक शहरातल्या, बाकीच्या जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, कळवण, दिंडोरी या तालुक्यांकडच्या. शहरातल्या मुलींना बाळंतपणानंतरचं घर म्हणजे आजीची बाज, खाली शेगडी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर आणि सव्वा महिना विश्रांती. या सगळ्याला माझा काही विरोध नाही. कानाला फडकं बांधून कुणाचं नुकसान झालेलं मी पाहिलेलं नाही. विरोध दोन गोष्टींना आहे. पाणी कमी द्यायचं आणि चीक फेकून बाळाला मध चाटवायचा. अंगावर पाजणाऱ्या बाईला तहान जास्त लागते, तिला भरपूर पाणी हवं. चीक पहिल्या तासातच बाळाच्या तोंडात गेला पाहिजे. मध तान्ह्या बाळाला धोक्याचा, वर्षाचं होईपर्यंत नको. सासूबाईंशी भांडून हे होत नाही. "आजी, लाडू तुमच्याच हातचा द्या, पण सोबत तांब्याभर पाणी ठेवा," असं म्हटलं की निम्मं काम होतं.

पण सुरगाण्याची मुलगी ऐकता ऐकता म्हणते, मॅडम, आमच्याकडे सव्वा महिना कोण बसतं? द्राक्षाची छाटणी सुरू झाली की कुटुंबं निफाड-दिंडोरीकडे कामाला निघतात, तान्हं झोळीत घालून. मग विश्रांतीचा धडा तिथे कसा सांगायचा? तेव्हा आम्ही धोक्याच्या खुणांवर भर देतो. पाच मिनिटांत पॅड किंवा फडकं भिजलं, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास, ताप, एकाच पायाला सूज आणि दुखणं, झटका, श्वास लागणं. आणि रडू. पहिल्या आठवड्यातलं रडू बहुतेकींना येतं आणि ओसरतं. दोन आठवडे उलटूनही थांबलं नाही, बाळाकडे बघावंसं वाटत नाही, किंवा ती भलतंसलतं बोलू लागली, तर देवऋषी नको, दवाखाना. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्यांचं लक्ष बाळाच्या वजनाइतकंच आईच्या चेहऱ्याकडेही असावं, हे त्यांना सांगायलाही आमच्याच मुली पुढे जातील.

डिस्चार्जच्या सल्ल्याचा आम्ही वर्गात सराव करतो. एक बाळंतीण, एक सासू, एक नवरा, एक सिस्टर. पूर्वी सगळ्या जणी बाळंतिणीकडे बघून धडाधडा यादी म्हणायच्या आणि शेवटी "काही वाटलं तर १०८ ला फोन करा" म्हणून मोकळ्या व्हायच्या. एकदा सासूच्या भूमिकेतल्या मुलीनंच मध्ये तोंड घातलं. ती पेठच्या पुढच्या पाड्यावरची. "सिस्टर, आमच्या पाड्यावर रेंजच नाही. टेकाडावर चढलं तर मिळते. आणि सावळघाट चढून गाडी यायला किती वेळ?" सिस्टर झालेली मुलगी गप्प. वर्गात पुढचा तासभर तेच चाललं. रेंज कुठे मिळते, रात्री कुणाची जीप मिळते, ग्रामीण रुग्णालय जवळ की जिल्हा रुग्णालय, पैसे कोण देणार, आणि बाईला न्यायचं हे घरात ठरवणार कोण. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा बाळंतीण नसते. म्हणून सल्ला ज्याच्याकडे निर्णय आहे त्याला सांगायचा, आणि त्याच्याकडून परत वदवून घ्यायचा.

तेव्हापासून आमच्या मुली डिस्चार्ज देताना गाडी कुणाची ते विचारतात, आणि ड्रायव्हरचं नाव-नंबर कार्डाच्या मागे पेनानं लिहून देतात. त्या छापील कार्डावर यासाठी रकाना नाही. तो कुणीतरी घालावा असं मी दोन-तीन ठिकाणी सुचवून ठेवलंय.