दिल्ली ते लेह विमानाने: अंतर ६२० किमी, वेळ सव्वा तास

लेहला जायचं म्हटलं की सगळे पहिलं हेच विचारतात, दिल्लीहून किती वेळ लागतो? तिकिटावर साधारण सव्वा ते दीड तास लिहिलेला असतो. सरळ रेषेत अंतर बघितलं तर जेमतेम ६२० किमी, म्हणजे आपल्या मुंबई-नागपूरपेक्षासुद्धा कमी, आणि नकाशात लेह दिल्लीच्या जवळजवळ नाकासमोर उत्तरेलाच आहे. मग जेट विमानाला एवढा वेळ का, तर त्यात दिल्लीच्या रनवेपर्यंत जाण्याचा वेळ पण धरलेला असतो, वर चढायला वेळ जातो आणि लेहला थेट खाली उतरता येत नाही, डोंगरांमधून वळत सिंधूच्या खोऱ्यात यावं लागतं.

मी आणि आई जूनमध्ये पहाटेच्या फ्लाइटने गेलो. लेहची विमानं शक्यतो सकाळीच असतात, दुपारी खोऱ्यात वारा फार सुटतो. खिडकी डावीकडची घ्या, उत्तरेला जाताना सकाळचं ऊन उजवीकडून डोळ्यावर येतं. पंजाबची हिरवी शेतं संपली की हिमालय सुरू होतो आणि मग एकामागून एक बर्फाच्या रांगाच रांगा, आईने तर चहा हातात तसाच धरून ठेवला होता, प्यायचं भानच नव्हतं तिला. पुढे बर्फ कमी होत जातो, डोंगर तपकिरी, जांभळट दिसायला लागतात, झाड म्हणून नाही. उतरताना विमान इतकं वळतं की डोंगर पंखाला लागतोय की काय असं वाटतं. रनवेच्या पूर्वेला जमीन उंच असल्यामुळे विमानं एकाच बाजूने उतरवतात. विमानतळ हवाई दलाचा आहे, फोटो काढू देत नाहीत, मोबाईल खिशातच ठेवा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. दिल्ली समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरच्या आसपास आणि लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरवर, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंच! विमानात केबिनमधल्या हवेचा दाब साधारण अडीच हजार मीटर उंचीवर असतो तेवढा किंवा त्याहून जास्त ठेवतात, त्यामुळे बाकी ठिकाणी उतरताना हवा दाट होत जाते, लेहला मात्र उतरताना ती आणखी विरळ होते. म्हणजे सव्वा तासात शरीर तीन हजार मीटर वर जातं आणि त्याला तयारीला वेळच मिळत नाही. म्हणून कळकळीने सांगते, पहिले दोन दिवस फक्त आराम करा, पाणी प्या, खार्दुंगला या लेहजवळच्या उंच खिंडीचा प्लॅन त्या दोन दिवसांत ठेवूच नका. आईला संध्याकाळी डोकेदुखी सुरू झाली होती, झोपही नीट लागली नाही, पण तिसऱ्या दिवशी ती मस्त बाजारात फिरत होती. बीपी, हार्टचा त्रास असेल तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचाराच.

आणि परतीचं मुंबईचं तिकीट त्याच दिवशीचं काढू नका, हवा बिघडली की लेहची फ्लाइट रद्द होते, दिल्लीत एक रात्र हातात ठेवा.