चौथा डाऊन

गुरुवार, 8 फेब्रुवारी 2018, रात्री
फिलाडेल्फिया

आज शहरातल्या शाळा बंद होत्या, पण लेक रोजच्यापेक्षा तासभर आधी उठून दाराशी तयार होती. रविवारी सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा वार्षिक अंतिम सामना, जिंकलेल्या शहराच्या ईगल्स संघाच्या विजययात्रेला आमच्या दक्षिण फिलाडेल्फियातूनच, स्टेडियमजवळून, सुरुवात व्हायची होती आणि ब्रॉड स्ट्रीट आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर आहे. तरीही आम्ही पोहोचलो तेव्हा पदपथावर माणसांच्या सात-आठ रांगा उभ्या होत्या. तापमान गोठणबिंदूच्या आसपास होते. सबवे आज फुकट होती, त्यामुळे दर काही मिनिटांनी जमिनीखालून हिरव्या जर्सी घातलेल्या लोकांचा नवा लोंढा वर येत होता. पाय बधिर झाले, हाताला काही लागले नाही आणि उघड्या बसवरचा करंडक मला जेमतेम चार सेकंद दिसला. घरी येऊन भात-आमटी खाल्ली, लेक झोपली, आणि आता हा हंगाम डोक्यातून जाण्यापूर्वी कागदावर उतरवावा म्हणून बसले आहे.

या शहरात मी सतरा वर्षे राहते आणि त्यांतली पंधरा मी या खेळाकडे पाठ फिरवून काढली. धिप्पाड माणसे दहा सेकंद एकमेकांवर आदळतात आणि मग अर्धा मिनिट उभी राहतात, एवढेच मला दिसत असे. लेकीने मला खेळ शिकवला तो एकाच नियमाने. चेंडू ज्या संघाकडे आहे, त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. त्या प्रत्येक प्रयत्नाला डाऊन म्हणतात. दहा यार्ड पार केले की पुन्हा नवे चार. तीन प्रयत्नांत जमले नाही तर बहुतेक प्रशिक्षक चौथा वापरतच नाहीत; ते चेंडू लाथेने लांब भिरकावून, म्हणजे पंट करून, प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलतात किंवा जवळ असतील तर खांबांमधून चेंडू मारून तीन गुण पदरात पाडून घेतात. चौथा प्रयत्न केला आणि फसला, तर चेंडू जिथल्या तिथे दुसऱ्याच्या ताब्यात जातो. मी विमा कंपनीत जोखमीचे हिशेब करते, त्यामुळे हा नियम मला पहिल्या दिवशीच कळला, आणि पंट करणाऱ्या प्रशिक्षकांबद्दल मला आपुलकीही वाटली.

ईगल्सचे डग पीडरसन हे त्या जातीचे प्रशिक्षक नाहीत, हे 24 सप्टेंबरला लक्षात आले. जायंट्सविरुद्धच्या त्या सामन्यात, पहिला अर्ध संपत आलेला असताना, चौथ्या डाऊनवर तब्बल आठ यार्ड हवे होते आणि तरीही त्यांनी पंट केला नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, कार्सन वेंट्झ चेंडूसकट पकडला गेला. शेवटी तो सामना नवख्या जेक एलियटने 61 यार्डांवरून चेंडू खांबांमध्ये घालून 27-24 असा जिंकून दिला, म्हणून गल्लीत नाच झाला. नाहीतर दुसऱ्या दिवशी त्या आठ यार्डांवरून पीडरसन यांची सालटी निघाली असती. जिंकूनही थोडीफार निघालीच. पुढच्या आठवड्यांत मात्र ध्यानात आले की ही लहर नव्हती. सामना चालू असताना त्यांच्या हेडफोनवर आकडेवारी सांगणारा सहायक असतो आणि कोणत्या जागी, किती यार्डांसाठी चौथा प्रयत्न करावा, याचे गणित आठवडाभर आधी मांडलेले असते. बाहेरून धाडस दिसत होते आणि आत कोष्टके होती. माझ्या धंद्यातल्या माणसाला यापेक्षा वेगळे काय आवडणार? आणि तरीही प्रत्येक वेळी ते ‘चला, खेळू या’ म्हणत तेव्हा माझ्या पोटात गोळा येई.

आमच्या शेजारी सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ राहतात. 26 डिसेंबर 1960 रोजी, वडिलांचे बोट धरून, ते फ्रँकलिन फील्डवर होते. त्या दिवशी ईगल्सनी विन्स लोम्बार्डी यांच्या ग्रीन बे पॅकर्सना 17-13 असे हरवून एनएफएल या व्यावसायिक लीगचे अजिंक्यपद मिळवले. शेवटच्या क्षणी चक बेडनारिकने जिम टेलरला गोलरेषेच्या अलीकडे खाली पाडले आणि घड्याळ संपेपर्यंत त्याला उठू दिले नाही. हा प्रसंग आजोबांनी मला निदान वीसदा सांगितला असेल, आणि दर वेळी टेलर गोलरेषेच्या थोडा अधिक जवळ आलेला असतो. सुपर बोल तेव्हा सुरूच झालेला नव्हता. तो सुरू झाल्यावर ईगल्स दोनदा अंतिम सामन्यात पोहोचले, 1981 आणि 2005 साली, आणि दोन्ही वेळा हरले. इतक्या वर्षांत आजोबांना एक सवय जडली आहे: ईगल्सचा चौथा डाऊन आला की ते उठून दाराबाहेर पायरीवर जातात आणि गल्लीतला आवाज ऐकून काय झाले ते ताडतात. इतर संघांच्या चाहत्यांना ही सवय परवडते. पीडरसन यांच्या संघाचा सामना बघायचा आणि दर चौथ्या डाऊनला उठायचे, म्हणजे आजोबांचा निम्मा हंगाम थंडीत गेला.

10 डिसेंबरचा चौकोन आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लेकीने आधी हिरवा रंगवला आणि मग त्यावर काळी फुली मारली. लॉस एंजेलिसला रॅम्सविरुद्ध वेंट्झ गोलरेषेकडे झेपावला आणि त्याच्या गुडघ्यातला अस्थिबंध तुटला. तसाच तो आणखी काही चाली खेळला, आणि त्यांतल्या शेवटच्या चालीवर, चौथ्याच डाऊनवर, त्याने आल्शॉन जेफ्रीला टचडाऊनचा, म्हणजे गोलरेषेपलीकडे झेलून गुण मिळवण्याचा, पास दिला. मग तो चालत आत गेला आणि हंगामात परत आला नाही. 13 सामन्यांत 33 टचडाऊन पास देणारा हा मुलगा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरणार, असे सगळे म्हणत होते. डाव्या बाजूचा आधारस्तंभ जेसन पीटर्स आधीच जायबंदी झाला होता, डॅरेन स्प्रोल्सचा हात आणि गुडघा एकाच चालीत गेला होता, जॉर्डन हिक्स बाहेर होता. सामना ईगल्सनी 43-35 असा जिंकला, पण त्या रात्री आमच्या गल्लीत सुतक होते.

वेंट्झच्या जागी आलेल्या निक फोल्सबद्दल लिहिताना मला हात आवरावा लागतो. ईगल्सनीच 2012 मध्ये त्याला नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत 88 व्या क्रमांकावर घेतले होते. 2013 मध्ये त्याने 27 टचडाऊन पास दिले आणि फक्त दोनदा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडू दिला. 2015 मध्ये त्याच संघाने त्याला दुसऱ्या क्वार्टरबॅकच्या बदल्यात देऊन टाकले. नव्या संघाने त्याला बाकावर बसवले आणि मग सोडले. 2016 मध्ये हा माणूस खेळ सोडण्याच्या विचारात होता. कॅन्सस सिटीच्या प्रशिक्षकपदी असलेल्या अँडी रीड यांनी त्याला एक वर्ष खेळवले, आणि मग तो राखीव खेळाडू म्हणून पुन्हा इथे आला. खुद्द पीडरसन यांनीही खेळाडू म्हणून कारकीर्द बरीचशी ब्रेट फार्वचा राखीव म्हणून काढली होती. बदली माणसाला काय येते आणि काय येत नाही, हे त्यांना आतून ठाऊक असणार. फोल्सला जमेल अशा झटपट निर्णयाच्या चाली त्यांनी वाढवल्या. डिसेंबरअखेरीस त्याचा कोणालाही उपयोग दिसला नाही. डॅलसविरुद्ध शेवटच्या साखळी सामन्यात तर ईगल्सचा एकही गुण झाला नाही आणि ते 6-0 असे हरले. एकूण 13 विजय, 3 पराभव, आणि तरीही सट्टेबाजांनी बाद फेरीतल्या घरच्या सामन्यात पाहुण्या अटलांटा फाल्कन्सचे पारडे जड ठरवले.

13 जानेवारीचा तो सामना मला सुपर बोलपेक्षाही जास्त आवडला. ईगल्सचा एकमेव टचडाऊन चौथ्या डाऊनवर, एका यार्डावरून, लगॅरेट ब्लाउंटने केला. आणि अगदी शेवटी, 15-10 अशी आघाडी असताना, चौथा डाऊन फाल्कन्सच्या वाट्याला आला, दोन यार्डांवर. हुलिओ जोन्स पडला, उठला, त्याने हात उंचावले आणि चेंडू त्याच्या हातांवरून निसटला. तो प्रतिस्पर्ध्याचा चौथा डाऊन असल्यामुळे आजोबांना आत बसण्याची मुभा होती. माझ्या आठवणीत सोफ्यावर उभे राहिलेले ते सत्तरीचे पहिलेच गृहस्थ. सामन्यानंतर लेन जॉन्सन आणि ख्रिस लाँग कुत्र्याचे मुखवटे घालून मैदानात फिरले, कारण दुबळ्या बाजूला इंग्रजीत ‘अंडरडॉग’ म्हणतात, आणि पुढच्या रविवारी निम्म्या स्टेडियमची तोंडे कुत्र्याची झाली होती. (या लाँगने हंगामाचा सगळा मूळ पगार शिक्षणासाठी देऊन टाकला आहे. मुखवट्याच्या बातम्यांत ती गोष्ट मागे पडली.) मिनेसोटा व्हायकिंग्सविरुद्धच्या पुढच्या सामन्याबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे: 38-7. फोल्स असा खेळला की जणू डिसेंबर झालाच नव्हता. पोलिसांनी चाहत्यांनी चढू नये म्हणून दिव्यांच्या खांबांना तेलकट थर फासला होता आणि लोक तरीही चढले.

आता रविवार, मिनियापोलिस. समोर पेट्रियट्स आणि त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी. दुसऱ्या चरणात पेट्रियट्सनी एक फसवी चाल केली: चेंडू डॅनी अमेंडोलाने फेकला आणि झेलायला खुद्द ब्रेडी धावला. झेल सुटला. मग पेट्रियट्सनी चौथा डाऊन खेळून पाहिला, तोही फसला. पहिला अर्ध संपायला 38 सेकंद असताना ईगल्स 15-12 असे पुढे होते, गोलरेषा एका यार्डावर होती आणि डाऊन चौथा होता. तीन गुण हातात होते. फोल्स कडेला येऊन पीडरसन यांना विचारतो, ती चाल घ्यायची का. ते क्षणभर थांबून होकार देतात. हा संवाद दोन दिवसांपूर्वी ध्वनिमुद्रणासह दाखवला, तेव्हा मला सर्वांत नवल वाटले ते या गोष्टीचे की विचारणारा फोल्स होता. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे गेला, त्याने पळता पळता तो ट्रे बर्टनला दिला, आणि बर्टनने तो गोलरेषेपलीकडच्या एंड झोनमध्ये एकट्या उभ्या असलेल्या फोल्सकडे फेकला. क्लेमेंट आणि बर्टन या दोघांनाही एनएफएलच्या वार्षिक निवडीत कोणत्याच संघाने घेतले नव्हते. न निवडलेल्या दोघांनी, सोडून दिलेल्या तिसऱ्याला, ब्रेडीच्या हातून नुकताच सुटलेला तोच झेल देऊन दाखवला. 22-12.

ही चाल आता जगभर फिरते आहे, पण माझ्या मते सामना त्या चालीवर फिरला नाही. शेवटच्या चरणात पेट्रियट्स 33-32 असे पुढे गेले होते, 5 मिनिटे 39 सेकंद उरली होती, ईगल्स स्वतःच्याच अर्धात, 45 यार्डांच्या रेषेवर होते आणि चौथ्या डाऊनवर एक यार्ड हवा होता. फसले असते तर ब्रेडीच्या हाती अर्धे मैदान आयते मिळाले असते. मी मोठ्याने म्हणाले, “पंट करा रे बाबांनो.” लेकीने माझ्याकडे पाहिले, ती नजर मी विसरणार नाही. फोल्सने झॅक अर्ट्झला दोन यार्डांचा छोटासा पास दिला. कोणी त्याची चित्रफीत घरी लावून बघणार नाही, इतका साधा. तिथून तीच चढाई पुढे सरकत राहिली आणि 2 मिनिटे 21 सेकंद उरले असताना अर्ट्झनेच टचडाऊन केला. मग ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातातून चेंडू उडवला, एलियटने 46 यार्डांवरून तीन गुण जोडले, ब्रेडीचा शेवटचा लांब पास एंड झोनमध्ये जमिनीवर पडला, आणि 41-33. ब्रेडीने 505 यार्डांचे पास देऊनही तो हरला. सबंध सामन्यात दोन्ही संघांनी मिळून फक्त एकदा पंट केला, आणि तो ईगल्सनी केला, हे मी लेकीला माझ्या बचावासाठी सांगून पाहिले. ती म्हणाली, “आई, तो पहिल्या अर्धात होता असं समज आणि गप्प बस.”

आज यात्रेत ईगल्सचा जेसन केल्सी मम्मर्स मंडळींचा झगमगीत हिरवा पोशाख घालून आला होता. नववर्षदिनी याच ब्रॉड स्ट्रीटवर मम्मर्सची मिरवणूक निघते, त्यामुळे रस्त्यावरच्या लोकांना तो आपल्याच घरातला कोणी वाटला. तो बसमधून उतरून चालत निघाला आणि पुढे आर्ट म्युझियमच्या पायऱ्यांवरून त्याने भाषण ठोकले, ज्यात ज्यांना ज्यांना कोणी कमी लेखले होते त्या एकेका खेळाडूचे नाव घेतले. आमच्या पुढच्या रांगेत एका बाईंच्या हातात वडिलांच्या अस्थींची छोटी कुपी होती. तसे आलेले बरेच होते म्हणतात.

आजोबा गुडघ्यांमुळे यात्रेला आले नाहीत. संध्याकाळी लेक त्यांना सामन्याचे चित्रमुद्रण लावून द्यायला गेली, कारण रविवारी त्यांनी ती प्रसिद्ध चाल पाहिली नव्हती आणि अर्ट्झचा तो दोन यार्डांचा पासही नाही. दोन्ही वेळा ते पायरीवर होते. मी मागून डबा घेऊन गेले. पडद्यावर 38 सेकंद दिसत होते, फोल्स कडेला येऊन विचारत होता, आणि आजोबा भिंतीला धरून उठले, कोट चढवला आणि दार उघडून बाहेर गेले.